डोंगरात तंबू ठोकायचा, पण कुणाच्या जागेत?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहतात. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी गाडीत तंबू टाकतात, डोंगरातल्या सरकारी जंगलात शिरतात आणि आवडेल तिथं दोन रात्री राहून येतात. ना बुकिंग, ना भाडं. ‘अगं, पण जागा दाखवतं कोण?’ असं विचारलं, तर म्हणाली, ‘बाबा, आपणच शोधायची.’ येत्या डिसेंबरात ती मंडळी नातवंडांसह हुलसूरला येणार आहेत आणि इथंही असाच मुक्काम करायचा जावयांचा आग्रह आहे. आमच्या एका अंगाला चिंचोळीचं जंगल, दुसऱ्या अंगाला येडशीचा बालाघाट, आणि एक रात्र प्रवास केला की सह्याद्री. जंगल सरकारचं म्हणजे जनतेचंच ना? मग तंबू टाकायला कुणाची हरकत असावी? आणि अशी जागा शोधतात तरी कशी?
— एक वाचक, हुलसूर (जि. बीदर)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन कोडी आहेत. तिकडे हे कसं जमतं, हे पहिलं. इकडे का जमत नाही, हे दुसरं. ‘इकडेही जमतं, पण वेगळ्या दारानं’ हे त्याचं उत्तर आहे. त्या दाराशी जायच्या आधी तिकडचा एक गैरसमज दूर करू. मुलगी ‘आवडेल तिथं’ राहते, असं तुम्हाला वाटतं. ती राहते नकाशात बसेल तिथं, आणि तो नकाशा तिनं घर सोडण्याआधी चांगला वाचलेला असतो.

अमेरिकेत ‘नॅशनल पार्क’ आणि ‘नॅशनल फॉरेस्ट’ ही दोन वेगळी संस्थानं आहेत. पार्क तिथल्या अंतर्गत खात्याकडे असतात. तिथं मुक्काम करायचा तर ठरवून दिलेल्या तळावर जागा राखावी लागते किंवा रानातल्या मुक्कामाचा परवाना घ्यावा लागतो. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्येही हाच नियम आहे. नॅशनल फॉरेस्ट मात्र कृषी खात्याच्या वनसेवेकडे असतात. ही सेवा १९०५ साली सुरू झाली. तिच्या ताब्यात १५४ जंगलं आणि सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक एकत्र केले, तरी त्यांच्या दीडपट भरेल इतकी. तिथं लाकूडतोड चालते, गुरं चरतात, शिकार होते, आणि त्यातच लोकांनी तंबू टाकायलाही मुभा आहे. सोयी नसलेल्या, विखुरलेल्या जागी केलेला हा मुक्काम फुकट असतो. नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही, म्हणून पैसेही नाहीत.

फुकट असलं तरी नियम आहेत. साधारणपणे एका ठिकाणी १४ दिवसांहून जास्त राहता येत नाही. ओढ्यापासून, तळ्यापासून निदान १०० फूट, काही जंगलांत २०० फूट दूर राहायचं. विष्ठा सहा ते आठ इंच खोल खड्ड्यात पुरायची, कचरा परत न्यायचा. शेकोटी चालेल की नाही, हे त्या आठवड्याच्या कोरडेपणावर ठरतं, आणि बंदी असली की चूलसुद्धा पेटवायची नाही. अस्वलं असतात, म्हणून खाणं तंबूत ठेवायचं नाही.

आता जागा शोधण्याबद्दल. प्रत्येक जंगलाचा एक फुकट नकाशा मिळतो. त्यात मोटारीला खुले असलेले वनरस्ते क्रमांकांसह दाखवलेले असतात, आणि ज्या रस्त्यांच्या कडेला गाडी उतरवून मुक्काम करता येतो तिथं ठिपके असतात. नकाशात नसलेला रस्ता डोळ्यांसमोर दिसत असला, तरी तो बंदच समजायचा. मुख्य रस्त्यावरून फुटलेले, पुढे कुठंच न जाणारे छोटे फाटे आधी हेरतात. मग उंचीच्या रेषा बघतात. त्या दाटीवाटीनं असतील तर उतार तीव्र, लांब लांब असतील तर जमीन सपाट. त्यानंतर उपग्रहचित्रात झाडांमधली मोकळी चकती आणि तिच्यातलं दगडांचं काळं वर्तुळ शोधतात. त्याचा अर्थ, इथं आधी कुणीतरी राहून गेलेलं आहे. नवी जागा तुडवण्यापेक्षा वापरातलीच जागा घ्यावी, अशी तिथली रीत आहे. मध्येच जुन्या खाणीवाल्यांचे खासगी तुकडे असतात, ते टाळतात. शेवटी त्या भागाच्या कार्यालयाला फोन करून रस्ता उघडला का, शेकोटी चालेल का, हे विचारतात. इतकं झाल्यावर शुक्रवारची संध्याकाळ येते. तुम्हाला व्हिडिओ कॉलवर दिसते ती एवढीच.

ही मुभाही हळूहळू आकसते आहे. क्रेस्टेड ब्यूटसारख्या लाडक्या डोंगरगावाभोवती गर्दी इतकी वाढली, की अलीकडे वनसेवेनं तिथं खुंट्या ठोकून क्रमांकाच्या जागा आखून दिल्या. त्या भरल्या की दुसरीकडे जायचं. आणखी एक, ते जंगल मोकळं आहे म्हणून ते कधीच कुणाचं नव्हतं, असं जावयांनी समजू नये. पश्चिम कोलोरॅडोचे डोंगर यूट लोकांचे होते. १८८१ साली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तिथून हुसकावून युटाहात नेलं गेलं. जमीन मोकळी केली गेली, आणि पुढे तिच्यावर वनखातं आलं.

आता आपल्याकडे येऊ. ‘सरकारी म्हणजे जनतेचं’ हे तुमचं वाक्य बरोबर आहे, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष चुकतो. तहसील कचेरीही जनतेचीच असते, पण म्हणून तिच्या व्हरांड्यात रात्री कुणी गादी पसरत नाही. जंगलाच्या बाबतीत हे कायद्यातच लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू आहे, कर्नाटकात १९६३ चा कर्नाटक वन कायदा. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं आणि विस्तव पेटवणं किंवा नेणं, हे गुन्हेच आहेत. म्हणजे तिथं अनोळखी माणसाचा वावर हाच मुळी मनाईचा विषय आहे, आणि परवानगी हा त्याला अपवाद. अमेरिकेच्या फॉरेस्टात नेमकं उलटं आहे. तिथं मुभा हा नियम आणि मनाई हा अपवाद. तुमच्या कोड्याची गाठ इथं आहे.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांना त्याहून कडक १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. अभयारण्यात जायला परवाना लागतो, आणि तो कोणत्या कारणांसाठी मिळू शकतो हे कायद्याच्या २८ व्या कलमात दिलं आहे : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर कामकाज. पर्यटन त्यात आहे, हे लक्षात घ्या. दार कुलूपबंद नाही. पण ३० वं कलम अभयारण्यात विस्तव पेटवायला किंवा जळता सोडायला मनाई करतं.

‘इतकी कडक शिस्त कशाला, चार माणसं एक रात्र झोपली तर काय बिघडतं?’ असं पुढं तुमच्या मनात येणारच. त्याची कारणं जमिनीवरची आहेत. आपलं जंगल माणसांनी भरलेलं आहे. कडेला वाडी, तांडा, पाडा असतो. तिथली माणसं आत सरपण, गवत, तेंदूपानं, मोहफुलं यांसाठी येतात, आणि त्यांच्या हक्कांची मोजदाद अनेक ठिकाणी अजून चालूच आहे. रात्री जंगलात बत्ती दिसली, की ती सहलीची आहे, सागचोराची आहे की फासेवाल्याची, हे एकट्या वनरक्षकाला दुरून कळत नाही. त्याचा शंका घेण्याचा हक्क मान्य केला पाहिजे. सर्वांत मोठं कारण वणवा. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत आपले डोंगर वाळलेल्या गवताचे असतात आणि बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेला गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक माणसं दगावली. त्या बातमीनंतर तमिळनाडूत डोंगरवाटांवर नियम आवळले गेले.

चिंचोळीचं जंगल तुम्ही ‘आमच्याकडचं’ म्हणता ते प्रेमानं, पण २०११ पासून ते अभयारण्य आहे. कलबुर्गी जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेला लागून, सुमारे १३४ चौरस किलोमीटरचा हा कोरड्या प्रदेशातला वनपट्टा. त्याच्या कडेनं लंबाणी तांडे, मधे चंद्रमपल्लीचं धरण, गोट्टमगोट्टीचे डोंगर. लांडगे आणि तरस या भागाचे जुने रहिवासी. तिथं स्वतःच्या मनानं तंबू टाकणं हा गुन्हा होईल. वनखात्यानं जिथं उतरायला सांगितलं, तिथंच उतरायचं.

येडशीचंही तेच. रामलिंगाच्या दर्शनाला श्रावणात माणसांचा लोट येतो, त्यामुळे ते देवस्थान आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. भोवती अभयारण्य आहे हे अनेकांच्या गावीही नसतं. जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं हे रान. इथं काय असणार, मोर आणि ससे, असं म्हणणाऱ्यांना डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर मिळालं. वनखात्याच्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघून, अर्धा विदर्भ आणि मराठवाडा तुडवत तो बालाघाटात पोचला होता. त्यानं कुणाची परवानगी घेतली नाही, पण तो मुद्दा जावयांपुढे काढू नका.

सह्याद्रीत गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथं किल्ले आहेत आणि ‘किल्ल्यावर मुक्काम’ ही आपली जुनी हौस. किल्ला कुठे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, कुठे वनखात्याच्या हद्दीत, कुठे दोन्हीही. केंद्रीय संरक्षित स्मारकं सामान्यतः सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच उघडी असतात. वासोट्याचं उदाहरण सांगतो. तो कोयना अभयारण्यात येतो, आणि ते अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बामणोलीला वनखात्याकडे नोंद करून, बोटीनं शिवसागर ओलांडून जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. गडावर रात्र काढता येत नाही. जुन्या ट्रेकिंगच्या पुस्तकांत वासोट्याच्या मुक्कामाची रसभरीत वर्णनं सापडतात; ती वाचावीत, अंमलात आणू नयेत. कर्नाटकातही गर्दीनं तीच पाळी आणली. जानेवारी २०२४ मध्ये कुमार पर्वतावर माणसांची अशी रांग लागली, की वनखात्यानं काही काळ ट्रेकिंगच थांबवलं आणि मग ऑनलाइन नोंदणीची सक्ती आणली.

इथवर वाचून तुम्ही जावयांना ‘नाही जमत हो’ असं कळवायला बसला असाल, तर थांबा. आपल्या डोंगरात उघड्यावर रात्र काढणारी माणसं आजही हजारोंनी आहेत आणि ती तुमच्या गावावरून दरवर्षी जातात.

मेंढपाळ बघा. सुगी झाली की धनगरांचे कळप माळावरून, मोकळ्या रानातून पुढं सरकत जातात. दर दोन-चार दिवसांनी नवा मुक्काम. त्यांच्याकडे नकाशा नसतो, पण जागा निवडण्याची दृष्टी अशी असते, की अमेरिकेच्या वनसेवेनं छापलेले नियम त्यापुढे उजळणीसारखे वाटावेत. कळप पाण्याजवळ आणतात, पण पाण्याच्या काठावर बसवत नाहीत, थोडं वर, सुक्या जागी बसवतात. वारा कुठून वाहतो ते बघून पाठ तिकडे करतात. जनावरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पथारी टाकत नाहीत. गेल्या वर्षीची चुलीची जागा सापडली तर तीच वापरतात. आणि सर्वांत आधी शेताच्या मालकाला गाठतात. मालकही खूश असतो, कारण रात्रभर मेंढ्या बसल्या की शेताला लेंडीखत मिळतं. त्या बदल्यात तो धान्य देतो किंवा पैसे. म्हणजे मुक्काम फुकट तर नाहीच, उलट मुक्काम करणाऱ्यालाच मोबदला! कोलोरॅडोत अजून ही सोय निघालेली नाही.

या रीतीत आधी माणूस शोधतात, मग जागा, आणि जावयांनी उचलावं असं तिच्यात हेच आहे. आपल्याकडे जो तुकडा रिकामा दिसतो, तो कुणाचा तरी असतो. वनखात्याचा नसेल तर शेतकऱ्याचा, शेतकऱ्याचा नसेल तर गायरान किंवा तुमच्याकडचं गोमाळ, तेही नसेल तर देवस्थानाचं. ‘बोर्ड नव्हता’ ही सबब चालत नाही, कारण बोर्ड लावण्याची गरज आपल्याकडे कुणाला फारशी वाटलेलीच नाही; सगळ्यांना सगळं माहीत असतं, परक्याला सोडून. गोमाळावर गावाचा चराईचा हक्क असतो, म्हणून तिथं राहायचं तर ग्रामपंचायतीला विचारून. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जंगलावरचे सामूहिक हक्क मिळाले आहेत. तिथं ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाऊल टाकणं शोभणार नाही. जगातली सर्वांत मोकळी मुभा नॉर्वेत आहे असं म्हणतात. १९५७ च्या तिथल्या कायद्यानं खासगी पडीक रानातही तंबू टाकता येतो. पण तिथंही राहत्या घरापासून १५० मीटर लांब, आणि घराजवळ दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं तर विचारूनच.

तर शोध कसा घ्यायचा? आधी कागद. भारतीय सर्वेक्षण विभागानं २०१७ पासून आपल्या संकेतस्थळावर १:५०,००० प्रमाणाचे नकाशे फुकट उपलब्ध करून दिले आहेत. त्यात उंचीच्या रेषा असतात, ओढे-विहिरी असतात, आणि राखीव वनाच्या जागी ‘आर. एफ.’ अशी अक्षरं असतात. ती दिसली, की तो भाग मनातून खोडायचा. फोनवरच्या नकाशातल्या हिरव्या रंगावर विसंबू नका. तो कधी ऊस दाखवतो, कधी आमराई, आणि आपलं खरं कोरडं जंगल मार्चमध्ये वरून तपकिरी दिसतं. कर्नाटकच्या हद्दीत असाल तर सरकारचं ‘दिशांक’ हे ॲप हाताशी ठेवा. उभ्या जागी सर्व्हे नंबर कोणता, हे ते सांगतं. मग पहाणीत मालकाचं नाव बघायचं. पलीकडे निलंग्याच्या बाजूला गेलात की हेच काम सातबारा करतो. सीमेवर एक गंमत होते. एकच माळ, अर्धा या राज्यात, अर्धा त्या राज्यात. बीदरच्या रेंजरनं दिलेली परवानगी ओढ्याच्या पलीकडे चालत नाही. हुलसूरकरांना दोन्ही कचेऱ्यांत त्या त्या भाषेत बोलता येतं, ही मात्र पुण्या-मुंबईच्या ट्रेकरांना नसलेली सोय आहे.

कागदानंतर माणूस. वनहद्दीच्या जवळपास जायचं असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कचेरीत, म्हणजे लोक ‘रेंज ऑफिस’ म्हणतात तिथं, आधी जाऊन यावं. ‘जंगलात तंबू टाकू का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ असंच येईल. बिचाऱ्याला दुसरं उत्तर देताच येत नाही. ‘जंगलाच्या कडेला राहायची सोय कुठं आहे?’ असं विचारा. मग खात्याची निसर्ग शिबिरं, वनविश्रामगृहं, गावच्या वनसमितीनं चालवलेले तंबू, अशी यादी निघते. कर्नाटकात १९८० पासून ‘जंगल लॉजेस’ ही सरकारी कंपनी अशी सोय चालवते, तिचे दर मात्र खिशाला जाणवतात.

सह्याद्रीत जायचं असेल तर गडमाथ्याचा हट्ट सोडून पायथ्याचं किंवा माचीवरचं गाव धरा. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या कुशीत उधेवाडी आहे. तिथं अंगणात तंबू, घरात पिठलं-भाकरी, आणि वर गड. अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी हे गाव काजव्यांच्या दिवसांत पाहुण्यांना तंबूत उतरवतं आणि त्यातून गावाला चार पैसे मिळतात. महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे आणि अशा सहली काढणाऱ्या संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. कुणामार्फत जाणार असाल तर नोंदणी आहे का, एवढं विचारा. पवनेच्या धरणाकाठी रांगेनं मांडलेले तंबू आणि कर्कश गाणी, यालाही हल्ली कॅम्पिंगच म्हणतात. माझ्या मते त्यापेक्षा घराची गच्ची बरी.

तुमच्या नातवंडांसाठी मात्र मी सह्याद्रीही सुचवणार नाही. ती डिसेंबरात येणार आहेत ना? मग ओळखीच्या शेतातच तंबू ठोका. ज्वारी हुरड्याला येऊ लागलेली असेल, तुरी उभ्या असतील, हरभरा घाटे धरत असेल. राखीव वनात विस्तवाला बंदी असली तरी शेतात आगटी पेटवून हुरडा भाजायला कुणाची आडकाठी नाही. फक्त कडब्याच्या गंजीपासून लांब, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून, राख हातानं चाचपून.

शेतातसुद्धा जागा निवडावी लागतेच. झऱ्याकाठची, नदीच्या वाळूतली जागा मोहक दिसते, पण ती टाळा. वर पाऊस झाला किंवा बंधाऱ्याची दारं उघडली, तर खाली झोपलेल्या माणसाला ते कळत नाही. जून २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीत उतरलेले हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. नदी कोरडी दिसते म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. आपल्या मांजरेवरही बंधारे आहेतच. एकट्या मोठ्या झाडाखाली, टेकडीच्या माथ्यावर तंबू नको. डिसेंबरात विजांची भीती फारशी नसते, पण एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं आणि गुरं मरतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या.

कड्याला, मोठ्या झाडाला किंवा जुन्या बुरुजाला आग्या मोहोळ आहे का, हे मान वर करून बघा. त्याखाली धूर केला, तर पळायला वाट पुरत नाही. गडांवर अशा घटना वारंवार होतात आणि बहुतेकदा सुरुवात धुरानं किंवा भडक अत्तरानं होते. सापांमध्ये रात्रीची काळजी मण्यारीची. ती जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. या बाबतीत जावयांचा चेन लावलेला तंबू आपल्या घोंगडीपेक्षा खरोखरच सरस आहे, हे मान्य करा. चेन कायम बंद ठेवायची, बूट आत घ्यायचे, सकाळी झटकून घालायचे. दंश झालाच तर कापाकापी आणि आवळून बांधणं नको, थेट सरकारी दवाखाना.

‘शेकोटी पेटती असली की जनावर जवळ येत नाही’ असंही अनेकांना वाटतं. विझत आलेल्या शेकोटीच्या भरवशावर झोपू नका. जनावर तंबूजवळ येतं ते बहुतेक वेळा वासानं. खरकटं, मटणाची हाडं, उघडी पिशवी. ती लांब, बंद डब्यात ठेवली की आपल्या भागात बाकी त्रास बहुधा कुत्र्यांचाच.

जावयांना सामानाबद्दल आत्ताच कळवून ठेवा. तंबू, झोपायच्या पिशव्या, डोक्याच्या बत्त्या खुशाल आणाव्यात. कॅम्पिंगच्या शेगडीची गॅसची डबी विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत, ना खालच्या. शेगडी आणली तर ती धुऊन, गॅसचा वास जाईल इतकी स्वच्छ करून. अमेरिकेत डोंगरात जाणारी मंडळी संकटकाळी संदेश धाडायला उपग्रहाशी जोडलेलं छोटं यंत्र जवळ बाळगतात, ‘गार्मिन इनरीच’सारखं. ते मात्र घरी ठेवून यायला सांगा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी यंत्रं भारतात बाळगता येत नाहीत, आणि त्यापायी परदेशी पाहुण्यांना विमानतळावरच पोलिसांच्या ताब्यात जावं लागल्याच्या घटना घडल्या आहेत. तुमच्या शेतात फोनला रेंज नसेल, तर बांधावर चढून बघा.